चौदा तासांची खुर्ची

भाऊराया,

हात जोडते तुला, बाबांना फोनवर विमानाचे तास सांगू नकोस. रविवारी त्यांनी विचारलं, "कधी येतोस?" सरळ "जमत नाही" म्हणायचंस ना! तर तू म्हणालास, "लांब आहे हो बाबा, चौदा तास लागतात."

झालं! त्यांच्या डोक्यात हल्ली काही टिकत नाही, पण हे नेमकं टिकलं. चौदा तासांत मुलगा येतोय म्हणून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, बूट घातले आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. तेव्हापासून रोज तेच. जेवायला उठत नाहीत. "विमान उशिरा सुटलं असेल," असं वर मलाच समजावतात.

मागे तू किलोमीटर सांगितलेस, तेव्हा निदान गप्प तरी बसले होते. चौदा तास म्हणजे आज निघालं की उद्या दारात, एवढा हिशोब त्यांना अजून जमतो. तुला कसा रे जमत नाही?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचून तू घाबरून फोन करशील आणि त्यांची समजूत काढताना पुन्हा तास सांगशील.

मी रोज दोन बस बदलून त्यांच्याकडे येते. आज दारात पोचले, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो बाई, जरा बाजूला व्हा. माझा मुलगा यायचाय, रस्ता दिसत नाही."

मी बाजूला झाले.

दाराआड उभी असलेली,
तुझी ताई