हातात किती येतात?

मंगळवार, संध्याकाळ

गुडगावच्या कंपनीतून एचआरवालीचा फोन आला. सध्याचा पगार तिने हिंदीत विचारला, मीही हिंदीतच ठोकून दिलं, "पचासी हज़ार." मिळतात बासष्ट. जीभ जराही अडखळली नाही. सगळेच वाढवून सांगतात, यार!

मग तिला माझं आडनाव दिसलं. "अय्या, तुम्ही मराठी? मी साताऱ्याची. बरं, मग हातात किती येतात?"

हातात किती येतात. असं फक्त आई विचारते. दिल्लीत बाहेर सगळं हिंदीत चालतं, मराठी मी घरातच बोलत आलेय. खरा आकडा ओठांवर आला होता. तरी म्हणाले, "पंच्याऐंशी, ताई." ते 'ताई' कशाला जोडलं मी?

ती म्हणाली, "मग सॅलरी स्लिपा राहू द्या. आपल्या माणसाचं काय तपासायचं!"

तपासल्या असत्या तर बरं झालं असतं. फार तर नोकरी मिळाली नसती. उद्या फोन करून खरं सांगू? आणि सांगायचं कुठल्या भाषेत? कानात अजून तेच, हातात किती येतात.

फोन ठेवला तशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचा गं फोन?"

"कोई नहीं, मम्मी."

मी तिला जन्मात कधी मम्मी म्हटलेलं नाही.