नुसतं वरून बघणाऱ्या माणसाविषयी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
मंगळवार

तीर्थस्वरूप चंद्रप्पामामांच्या चरणी भाचा संगमेश्वर याचे शरणु शरणार्थ. (साष्टांग घातलाच असता, पण डावा पाय प्लास्टरात आहे. तूर्त सात अंगांवर भागवून घ्यावे.)

मामा, तुमची शुगर कशी आहे? गुरम्मामामींचे गुडघे काय म्हणतात? आडतीवर तुरीची आवक बरी आहे ना? इकडे आईची तब्येत उत्तम आहे. मी जिवंत परतल्याच्या आनंदात ती मला रोज तीन वेळा तूप ओतलेली गव्हाची हुग्गी खाऊ घालते, त्यामुळे चाच्यांच्या हातून वाचलो तरी तुपातून वाचेन असे वाटत नाही. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर ‘हॅलो’पासून ‘ठिवतो आता’पर्यंत सगळं तुम्हीच बोलता. तुमचं प्रेम मोठं आहे, त्यामुळे मध्ये घुसायला जागा मिळत नाही. म्हणून हे पत्र.

तुमचे मुनीम व्यंकटी यांनी रविवारच्या सत्काराच्या बॅनरचा फोटो पाठवला. ‘समुद्री चाच्यांना पाणी पाजणारा लातूरचा वाघ’ हे वाचून ऊर भरून आला, आणि माझ्या हातात दिलेली बंदूक पाहून घाबरलोही. मामा, मी जहाजावर स्वयंपाकी आहे. आयुष्यात मी हातात धरलेलं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे झारा. त्याच कार्यक्रमात दामिनीचं आणि माझं लग्न तुम्ही जाहीर करणार आहात, हेही व्यंकटींनीच सांगितलं. मामाची पोरगी भाच्याला, ही आपल्यातली जुनी रीत आहे, मी काय बोलणार? निलंग्याच्या मल्लिनाथचं स्थळ आलं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत, तोही तुमचा अधिकार. मुलगा नौदलाच्या टेहळणी विमानात आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, “खाली उतरून लढणारा कमांडो असता तर हाव म्हणलो असतो. ह्यो तर वर बसून नुसता बघून राहिला. घार बी बघती की!” मी त्या विषयात पडत नाही. फक्त समुद्रावर काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण बॅनरवर तेवढी जागा नाही.

आमचं जहाज युरिया घेऊन निघालं होतं (हो, तोच युरिया, ज्याच्यासाठी लोह्याला आणि कंधारला लोक चपलांची रांग लावतात, इथे मी त्याच्यावर झोपत होतो). एका सकाळी मी उपम्याला फोडणी घालत असताना भोंगा झाला. चाचे आले की काय करायचं हे आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं असतं: सगळ्यांनी पळत खाली जायचं, इंजिनाजवळ एक पोलादी खोली आहे तिचं दार आतून लावायचं, आणि नौदल येईपर्यंत गप्प बसायचं. सगळे पळाले. मीही पळालो. पण अर्ध्या जिन्यात आठवलं, शेगडी चालूच आहे. चालती शेगडी सोडून जाणाऱ्याच्या घरात अन्नपूर्णा थांबत नाही असं आई म्हणते, म्हणून परत वर गेलो, शेगडी बंद केली, आणि आलोच आहे तर आईने दिलेल्या कडक भाकरीचा डबा आणि शेंगदाण्याची चटणीही उचलली. खाली पोचलो तेव्हा दार बंद होत होतं. मी आत आलो, डबा आत आला, डावा पाय मात्र दारात राहिला. वर्तमानपत्रात ‘चाच्यांशी झटापटीत जखमी’ असं छापून आलंय ते हेच.

खोलीत पाणी होतं, बिस्किटं होती आणि एक रेडिओ होता. आमचे कप्तान केरळचे, चांगले धिप्पाड. ते रेडिओवर मदत मागत राहिले. दुपारकडे उत्तर आलं. आपल्या नौदलाचं विमान डोक्यावर पोचलं होतं. आवाज अगदी शांत, आपल्याकडे एसटी कंट्रोलर बस उशिरा येणार म्हणून सांगतो तसा. म्हणाला, तुम्ही मला दिसत नाही, पण डेकवर कोण कुठे फिरतोय ते दिसतंय. तिघे सुकाणूपाशी, दोघे मागच्या बाजूला, दोघे स्वयंपाकघराच्या दारात. मी कप्तानांना म्हटलं, जरा विचारा ना, माझ्या शेगडीला हात लावून राहिले का? कप्तानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डबा उघडून सगळ्यांना भाकरी वाटायला घेतली.

आता खरी गोष्ट सांगतो मामा, आणि ही कृपा करून सत्काराच्या भाषणात घेऊ नका. काही वेळाने दारावर थापा पडल्या. “नेव्ही! नेव्ही! ओपन!” सगळ्यांचे चेहरे उजळले. पायामुळे मी दाराला टेकूनच बसलो होतो. आणि तुम्हाला ठाऊक आहे, दानम्मा आजीने आपल्या सगळ्यांना काय शिकवलंय: “दाराशी आल्याला उभं ठिवायचं न्हाई. जंगम आसंल तर शिवच आला, पाव्हणा आसंल तरी शिवच आला.” आजीच्या घरात आम्हा नातवंडांना कडी काढायला अर्धा क्षण उशीर झाला तरी पाठीत धपाटा बसायचा. माझा हात आपोआप खिट्टीवर गेला. “आया जी आया, जरा ठैरो, पाँव दुखताय” असं मी आपल्या दखनीत म्हणालोही. एक खिट्टी निघाली, दुसरीवर हात होता, आणि कप्तान रेडिओवर विमानातल्याचे आभार मानत होते.

विमानातला म्हणाला, “कशाबद्दल? आपला एकही माणूस अजून तुमच्या जहाजावर उतरलेला नाही. दाराशी जो कोणी आहे तो आपला नाही. उघडू नका.”

माझा हात जागीच थिजला. दुसऱ्या क्षणी कप्तान माझ्या छातीवर बसले (ते कमांडो येईपर्यंत जवळजवळ तसेच होते). बाहेरचे लोक बराच वेळ लाथा मारून, बहुधा त्यांच्या भाषेत माझ्या आजीला शिव्या देऊन निघून गेले. मामा, मी एकटा मेलो असतो तर आईपुरतं दुःख झालं असतं. पण त्या खोलीत ज्यांना मी रोज जेवू घालतो ती सगळी माणसं होती, आणि त्यांना मी पाहुणचाराच्या भरात चाच्यांच्या हाती देत होतो. वाचवलं कोणी? नुसतं वरून बघणाऱ्याने.

ते विमान एकटंही नव्हतं. एकाचं इंधन संपत आलं की तो म्हणायचा, मी निघतो, दुसरा पोचलाय. आणि दुसरा आवाज यायचा. आमच्या डोक्यावरचं आभाळ एकदाही रिकामं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरं आली. एकातून कमांडो दोरावरून डेकवर उतरले, दुसरं बाजूला मशीनगन रोखून घोंघावत राहिलं, म्हणजे चाच्यांनी मान वर काढू नये. आणि सगळ्यांच्या वर ते विमान, कोण कुठल्या कोपऱ्यात दडलाय ते कमांडोंना सांगत. भोकरच्या मावशीच्या शेतात रानडुकरं शिरतात तेव्हा तुम्ही मचाणावर बसून ओरडता ना, “व्यंकटी, डावीकडं, तुरीत हाय!” तसंच. तुम्ही तेव्हा काठी कुठे धरता? चाच्यांनी शस्त्रं टाकली आणि कोणाचाही जीव गेला नाही.

मग पुन्हा दारावर थापा. “भारतीय नौसेना!” आता मात्र आतून कोणीच हू की चू करेना. बाहेर खरे कमांडो ओरडून ओरडून थकले. शेवटी रेडिओवर वरचा आवाज आला, “आता आहेत ते आपले. उघडा.” तरी खात्री करावी म्हणून मी विचारलं, “कौन गाँव के जी?” बाहेरून उत्तर आलं, “पहले खोल भाई, फिर गाँव भी बताते हैं!”

पायामुळे मला हेलिकॉप्टरने युद्धनौकेवर नेलं. पट्ट्यात अडकवून, तुमच्या आडतीवर काट्याला पोतं लटकवतात तसं लटकवून वर खेचलं. आत ओढून घेणाऱ्या जवानाचे मी तिथल्या तिथे पाय धरले. तो ओरडला, “पहले अपने पैर तो अंदर लो!” मग त्याने पाणी पाजलं आणि मी लहान पोरासारखा हमसून रडलो. त्यात मला लाज वाटत नाही. आपल्याला न ओळखणारी माणसं आपल्यासाठी आभाळात जागी राहतात, हे मला उदगीरमध्ये कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांचा मी जन्मभर ऋणी आहे.

बॅनरवरची बंदूक तेवढी पुसायला सांगा. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
संगमेश्वर

ता. क. बॅनरवरून बंदुकीबरोबर माझा फोटोही काढला तरी चालेल. मामा, दामिनी माझ्याशी लग्न करू इच्छित नाही. तिने मला सरळ सांगितलंय, “संगू, तू लई चांगला हाईस, पर मला मल्लिनाथच करायचा हाय.” (शिवाय माझ्या हातच्या उपम्याला तिने आजवर एकदाही बरं म्हटलेलं नाही. अशा बाईबरोबर स्वयंपाक्याने संसार कसा करावा?) रविवारी तुम्हाला माझं नाव घ्यायचंय त्या जागी मल्लिनाथचं घ्या, हीच विनंती. बाकीचं पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. ता. क. तुम्ही विचारणारच, म्हणून लिहितो. आमच्या डोक्यावरच्या त्या विमानात मल्लिनाथ होता असं लिही, तुम्ही लगेच विरघळाल, असा सल्ला मला मिळाला होता (कोणाचा ते विचारू नका, ती तुमच्याच घरात राहते). पण गळ्यात इष्टलिंग असताना खोटं लिहवत नाही. मल्लिनाथ त्या विमानात नव्हता. तो रजेवर होता. त्याच दुपारी तो वडिलांना घेऊन तुमच्या आडतीच्या पायरीवर उभा होता, आणि तुम्ही त्याला बसही म्हणाला नाहीत.

ज्याच्या आवाजाने माझा हात थांबला त्याचं नाव मी युद्धनौकेवर सगळ्यांना विचारलं. कोणी सांगितलं नाही, तसं सांगत नाहीत म्हणे. मला आभार मानायला माणूस सापडत नाही मामा. त्या कामातला एकच माणूस मला नावाने माहीत आहे, आणि तो तुमच्या दारातून परत गेलाय. त्याला आत बोलवा.