निळ्या माशासाठी संथ पाणी

२ डिसेंबर १९६३, सोमवार. शहापूर
हे आणि बाळ सकाळच्या गाडीने मुंबईस गेले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे, काढायचाच; डाव्याने आधीच नीट दिसत नाही. बाळने कचेरीतून रजा घेतली, इस्पितळात तोच राहील. मीही निघाले होते. हे म्हणाले, "तू आलीस तर काळूला कोण बघणार?" इतक्या वर्षांच्या संसारात माझी गरज लागली ती एका माशासाठी. बरं.

काळू म्हणजे फायटर मासा. गेल्या वर्षी यांचं वाचन बंद पडलं तेव्हा बाळने आणून दिला. पुस्तक दिसत नाही तर निदान हलणारं काही बघा, म्हणून. पावाच्या डब्याएवढी काचेची टाकी, खिडकीपाशी. नाव यांनी ठेवलं. मासा निळा आहे. मोराच्या मानेसारखा निळा, दुसरा रंगच नाही अंगावर. दोनदा सांगितलं. "पाणीखात्यात जन्म गेला माझा, मला रंग शिकवू नकोस." तिसऱ्यांदा सांगितलं नाही. डोळा सुधारला की स्वतःच बघतील. तोवर मासा जगला पाहिजे. माझं काम एवढंच.

४ डिसेंबर
पाणी गढूळ. वासही. हे रोज हाताने चाचपून थोडं पाणी काढत, थोडं घालत. मी केलं की मासा बिथरतो, काचेवर आपटतो. माझा हात जड आहे हे मान्य. शाळेतल्या मुलीही म्हणत, माझ्या मागे.

बाळने एक विजेचं यंत्र ठेवलं आहे, जाण्याच्या गडबडीत लावायचं राहिलं. पंप, रबरी नळी, टोकाला छोटी डबी. डबीत काचेचा कापूस आणि कोळसा. हवा नळीतून जाते, पाणी डबीतून ओढलं जातं, घाण कापसात राहते. कल्पना उत्तम. लावलं.

टाकीत भातसा नदीचा पूर आला. मासा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहत गेला. शेपूट एवढी मोठी, तिच्यात पाणी भरतं आणि तोच मागे खेचला जातो. भरजरी शालू नेसून नदीत उतरावं तसं.

५ डिसेंबर
नळीला केसांचा चाप लावून हवा कमी केली. थोडा फरक. पण फळी थरथरते, तिच्यावरची भांडी वाजतात. मासा डबीच्या मागे अंग चोरून, पंख मिटून. शेपटीला खालच्या बाजूला चीर गेली आहे, डबीच्या कडेची असावी.

ठकी, घरकामाला येते ती, केरसुणी तशीच हातात धरून बघत राहिली. "बाई, येवढ्याशा माशाला येवढा थाट? कालवनात एक घास बी व्हायचा नाय." म्हटलं, तुला जेवायला नाही ठेवलेला. "तं मग कशाला ठेवलाय?" उत्तर द्यायला बसले असते तर दुपार झाली असती.

यंत्र बंद केलं. हा मासा वर येऊन हवा गिळतो, त्याला बुडबुड्यांची गरजच नाही. गरज आहे ती घाण जाण्याची, आणि तीही त्याला कळू न देता.

७ डिसेंबर, शनिवार
बाळचं कार्ड. शस्त्रक्रिया काल नीट झाली. दोन्ही डोळे बांधलेले, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. दोनदा विचारलं म्हणे, काळू कसा आहे.

दुपारी वन्सं आल्या मुरबाडहून. भाऊ इस्पितळात, भावजय एकटी, सोबत नको का? मला सोबत लागत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी आल्या. तांदूळ, वाल आणि स्वतःचं सोवळं घेऊन. यांच्याहून मोठ्या, लहानपणी यांना कडेवर वागवलेलं. अजूनही तसंच बोलतात, "आमचा पोरगा".

टाकी बघितली. मी अडचण सांगितली: पाणी थेंबाथेंबाने पडलं पाहिजे. त्या म्हणाल्या, मग देवघरात आहे की. अभिषेकपात्र.

मला सुचायला हवं होतं.

८ डिसेंबर
तांब्याचं अभिषेकपात्र तिवईवर, खाली टाकी. देवाचं भांडं माशाला चालेल का, विचारलं. वन्सं म्हणाल्या, "मत्स्य हा पहिला अवतार. न चालायला काय झालं?" वर पळसाच्या पानाचा त्यांनी हातपंखाही केला असता, मी आवरलं.

रीत अशी बसवली: सकाळी टाकीच्या तळातलं पाणी रबरी नळीने ओढायचं, चौपदरी फडक्यातून गाळायचं, थोडं ताजं मिसळून पात्रात घालायचं. दिवसभर थेंब थेंब. मासा पहिल्या थेंबाला दचकला. मग खाली येऊन उभा राहिला, बघत. पंख उघडले. मासा ठीक.

९ डिसेंबर
मा. ठी. पाणी निवळलं. वन्सं रोज पात्र चिंचेने घासतात. आरशासारखं.

११ डिसेंबर
खात नाही. ठकीने गोठ्याच्या डोणीतल्या डासांच्या अळ्या आणल्या, त्याही तशाच वळवळत राहिल्या. थंडी असेल. टाकीला घोंगडीचा तुकडा गुंडाळला.

१२ डिसेंबर
तळाला आडवा. कल्ले जोरात. रंग उतरला, राखाडी. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं, आणि मासा मरतो आहे.

वन्सं पात्र घासत होत्या. चिंचेचं पाणी हिरवट होऊन मोरीतून चाललं होतं. ते बघून मला आठवलं. हे सांगत असत: तलावात शेवाळ माजलं की होडीच्या मागे गोणपाटात मोरचूद बांधून फिरवायचे. एकदा जास्त झालं तर बारीक मासे वर तरंगले. मोरचूद म्हणजे तांबंच. आपण रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी पितो, गुणकारी म्हणून. माशाला तेच पाणी चोवीस तास अंगावर, वर चिंचेने रोज नवं तांबं उघडं करून.

इंटरला रसायनशास्त्र होतं. चांगल्या गुणांनी पास झाले. उपयोग काय?

विहिरीचं पाणी उन्हात कोमट केलं, मासा वाटीने उचलून त्यात सोडला. जगेल का सांगता येत नाही. वन्सं देवापुढे बसल्या. मी बसले नाही.

१३ डिसेंबर
जिवंत. एवढंच.

१५ डिसेंबर, रविवार
बाळ एका दिवसापुरता आला. यांचं ठीक आहे, कंटाळले आहेत, परिचारिकांना पाण्याच्या टाकीची स्वच्छता शिकवतात. मग टाकीत वाकून बघितलं. म्हणाला, "आई, क्रॉफर्ड मार्केटात हुबेहूब असाच मिळतो. मी घेऊन येतो. त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळेल."

तो म्हणाला, त्यांचं मन राखायला. मी म्हटलं, मन राखायला खोटं बोलायची सवय या घरात कुणाला नाही, तू लावू नकोस. शिवाय तिकडे यातलं एक अक्षर बोलायचं नाही. पडून राहायला सांगितलेल्या माणसाला काळजी नको. त्याने मान हलवली. मानेवर माझा विश्वास नाही.

१६ डिसेंबर
मासा उठला, पण पाणी पुन्हा गढुळतं आहे. तांबं नाही, पितळ नाही. उरली माती. कुंभाराकडून नवं मडकं आणवलं. तळाला बारीक भोक. आत भातसेची धुतलेली वाळू, तिच्यावर कोळसा. कोळसा वन्संनीच मुरबाडहून आणलेला, सिद्धगडच्या रानातला, शेगडीसाठी. टाकीवर आढ्याला दोरीने टांगलं.

वन्सं देवळातून आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"सुमती, माझा भाऊ डोळे बांधून पडलाय, आणि तू त्याच्या घरात गळकं मडकं टांगलंस?"

तेव्हा लक्षात आलं. माणूस गेलं की पिंपळाला टांगतात ते. भोक पाडलेलं, थेंबाथेंबाने गळणारं, तहानलेल्या जिवासाठी. मला ते दिसलंच नव्हतं. मला गाळणी दिसत होती.

सांगून पाहिलं. परवा तुम्हीच तांब्याचं ठेवलंत, तेही गळतच होतं. "ते देवाचं. हे मेल्याचं." शास्त्र काय, पुरावा काय, सगळं बोलले. बोलताना आवाज वर्गातला झाला. त्या रडल्या नाहीत. सोवळ्याची पिशवी भरायला लागल्या. "मी जाते. हे बघत मी इथे बसणार नाही."

मडकं उतरवलं. मी हरले नाही. पण बहीण आहे ती.

१७ डिसेंबर
सकाळी चहा पुढे ठेवून म्हटलं, वन्सं, वाईट नेमकं कशात आहे? मडक्यात की भोकात?

त्यांनी विचार केला. गंभीरपणे, परीक्षेला बसल्यासारखा. मग म्हणाल्या, टांगण्यात. दोरीने अधांतरी टांगायचं नाही. बसवलेलं चालेल, श्रावणात पिंडीवर मातीची गळतीही तिवईवरच बसवतात. आणि भोकात वात घालशील तर दर्भाची नको, ती मेल्याची; कापसाची घाल. आणि मडक्याला हळद-कुंकू.

एवढंच होतं तर काल का नाही सांगितलंत? "काल तू विचारलंस कुठे? काल तू शिकवत होतीस."

तिवई, मडकं, हळदीची बोटं. भोकातून कापसाची लांब वात काढून काचेला टेकवली. थेंब पडतच नाही, वातीवरून काचेवर उतरतो, काचेवरून पाण्यात. आवाज नाही, तरंग नाही. ठकी म्हणाली, "पानी हाय का नाय तेच कलत नाय." हेच हवं होतं.

२० डिसेंबर
मा. ठी. पाण्याच्या वर एका कोपऱ्यात फेस, बारीक बुडबुड्यांचा. घाण समजून काढणार होते. मग पाहिलं, तोच करतो आहे. वर जाऊन एकेक बुडबुडा ठेवतो. घर बांधत असेल. रंग पूर्ण आला. आत्ता खिडकीतून ऊन येतं तेव्हा बघवत नाही इतका निळा. शेपटीची चीर तेवढी राहिली, कडा भरते आहे.

२२ डिसेंबर, रविवार
हे आले. डाव्या डोळ्यावर पट्टी नाही, उजव्यावर हिरवं फडकं. चार दिवस अंधाऱ्या खोलीत. वाकायचं नाही, खोकायचं नाही. चष्मा महिन्याभराने, जाड भिंगाचा. तोवर आकार पुसट, रंग मात्र दिसतील म्हणे. पहिला प्रश्न काळूचा. आहे, म्हटलं. "आहे?" एवढं विचारून गप्प झाले. का गप्प झाले कळलं नाही.

२६ डिसेंबर
फडकं काढलं. अंगणात आणून बसवलं. आधी माझ्याकडे बघितलं. "पातळाला नीळ जास्त झाली." झालेली नाही. मग आकाशाकडे. बराच वेळ. वन्सं आत गेल्या, पदर तोंडाला लावून.

मग हात धरून टाकीपाशी नेलं. मी काही सांगितलं नाही. या क्षणासाठी जवळजवळ तीन आठवडे पाणी गाळलं, सांगायची गरज नव्हती.

वाकता येत नाही म्हणून ताठ उभे राहून बघत होते. म्हणाले, "सुंदर आहे. निळाशार." मग, हळू, "बाळ बोलला मला. शेवटी शेवटी. काळूचं काही खरं नाही म्हणाला. तू दुसरा आणलास ते बरं केलंस."

मी म्हटलं, हा तोच आहे. तो निळाच होता. मी सांगत होते.

"अगं, मी वर्षभर बघितलाय त्याला. काळा होता."

"माझं पांढरं पातळ तुम्हाला निळं दिसतंय. मग डोळा बदलला की मासा बदलला?"

हसले. हात धरलेला तसाच होता, तो दाबला. मी विचारलं, आजवर मी तुमच्याशी खोटं बोलले आहे का?

"नाही. म्हणूनच आज तुला किती जड जात असेल, कळतं मला."

२९ डिसेंबर
वन्संना साक्षीला काढलं. त्यांनी हळद-कुंकवासकट सगळं सांगितलं. हे ऐकून घेतात, मान हलवतात. बहीण भावजयीला सामील झाली, याचंच त्यांना कौतुक. बाळला खरमरीत पत्र टाकलं. वन्सं परवा जाणार. मडक्याची वात बदलून ठेवली.

५ जानेवारी १९६४, रविवार
नव्या माशाचं नाव अजून ठेवलं नाही. रोज सकाळी टाकीपाशी बसतात, मी पाणी गाळते. आज विचारलं, परसात कुठे पुरलास? सांगितलंस तर एकदा जाऊन येईन म्हणतो.

चष्मा आला की शेपटीची भरलेली चीर दाखवता येईल. पण ती भरलीच आहे, आणि हे मुंबईस गेले तेव्हा काळूच्या शेपटीला ती नव्हती. कशाचा पुरावा होणार?

मडकं काठोकाठ भरलं. मासा वर आला, हवा गिळली, खाली गेला. हे म्हणाले, हाही तसंच करतो.