तिसरं कडवं कुणाचं

३ फेब्रुवारी, आटपाडी
आक्काचं नवं गाणं यूट्यूबवर आलं! गोष्ट परत शेवटापासनं सुरू. आधी पोरगी गाडीत बसते, मग कळतं ती घरातनं का निघाली. सगळ्याच गाण्यांत असं का करते ही?

५ फेब्रुवारी
कॉलेज बुडवून जुनी गाणी ओळीनं बघितली. सापडलं! पहिलं कडवं निघून जाणारीचं. दुसरं वाटेत भेटलेल्या कुणाचं तरी — कंडक्टर, चहावाली. तिसरं मागं राहिलेल्याचं. दर वेळी! आणि व्हिडिओत पटकेवाला म्हातारा, मेंढरांकडं बघत उभा. कायम पाठमोरा. तोंड कधीच दिसत नाही.

आईला दाखवलं. म्हणाली, "मान बघ की. तुझ्या आप्पागत हाय."

आप्पांपुढं आक्काचं नाव काढायची सोय नाही. थोरली लेक, ठरलेलं लग्न मोडून गाण्यासाठी सांगलीला गेली, तेव्हापासनं.

९ फेब्रुवारी
मग तिसरं कडवं कुणाचं? आईचंच धरून चालले होते. पण आज नीट ऐकलं — "तुझ्या वाट्याची बोलणी मीच खाल्ली, तुझं अंथरूण मीच घडी घातलं." आक्का गेली त्या सकाळी तिचं अंथरूण तर मी घडी घातलं होतं!

म्हणजे मी?

२ मार्च
नवं गाणं. दोनच कडवी! तिसऱ्याच्या जागी नुसती पेटी वाजते, आणि समोर मोकळा माईक. व्हिडिओखाली लिहिलं — "आक्का, तिसरं कुठाय? — प्रांजल." स्वतःचं नाव पहिल्यांदाच घातलं.

३ मार्च
उत्तर आलं!! "आजवर तुझ्या वतीनं मीच बोलले. तुला काय वाटलं ते कधी विचारलंच न्हाई. आता तूच म्हण. ये सांगलीला."

काय म्हणू? राग आलाय का रडू, तेच कळेना.

६ मार्च
जेवताना सांगून टाकलं. आप्पा भाकरी अर्धी टाकून उठले. आई हळूच म्हणाली, "तू जा. मी बघती त्यांचं."

तेवढ्यात उंबऱ्यातनं आप्पांचा आवाज — "मला पाठमोराच का दावती, इच्चार तिला."

म्हणजे बघतात! कधी? कुणाच्या फोनवर?

८ मार्च
गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय. आप्पा स्टँडवर सोडायला आले. पिशवी वर ठेवायला गाडीत चढले. घंटी वाजली. म्हटलं, "आवं आप्पा, उतरा की!"

ते शेजारी बसले. कंडक्टरला म्हणाले, "दोन सांगली."