तुमची खुर्ची दाखवणारा दलाल

बाबा,

घर विकायला काढलं आहे. कारण तुमची सून. तिला हृदयविकाराचा दुसरा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नागपुरात हॉस्पिटलजवळ राहायला जा, पुढच्या वेळी गोंदियाहून वेळेत पोचाल याची खात्री नाही. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात असली की मी भांड्यांचा आवाज ऐकत बसतो, आणि आवाज थांबला की उठतो. काल ती म्हणाली, "मी कणीक मळतेय. तिचा आवाज होत नसतो. तुम्ही बसा."

बाजार थंड आहे. दलाल म्हणून मी तुमचा तो जुना विद्यार्थी धरला, ज्याला 'देव' शब्द चालवताना द्विवचनापर्यंत घाम फुटायचा आणि तुम्ही म्हणायचात, "राहू दे, याला एकवचनातच सुखी राहू दे." गुरुजींच्या घराची दलाली घेणार नाही म्हणतो. गिऱ्हाईक क्वचित येतं, आणि आलेलं पुन्हा फिरकत नाही. का, ते परवा कळलं. मी आतल्या खोलीत होतो. एका जोडप्याला त्यानं आधी चपला काढायला लावल्या, मग समोरच्या खोलीत तुमच्या खुर्चीपाशी नेलं. "गुर्जी इथंच गेले जी. चाय पिऊन राहिले होते, कप बी सांडला नाही. असं मरण कोनाले भेटते?" बाई नवऱ्याला म्हणाली, "चलो जी." विहीरसुद्धा न बघता गेले.

मी त्याला म्हटलं, हे सांगत जाऊ नकोस. "काऊन जी? चांगली गोष्ट लपवाची कायले?" याला उत्तर देता येईल एवढं संस्कृत तुम्ही मला शिकवलं नाहीत. त्याच्या मते घराची किंमत तुमच्या जाण्यानंच वाढलेली आहे. त्याला कसं काढायचं? आपल्याकडे करारबिरार नसतो, किल्ली दिली की दलाल नेमला आणि परत मागितली की नातं संपलं. ते माझ्यानं होईना.

आज सकाळी ही बोलता बोलता थांबली. छातीवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहिली. थोड्या वेळानं बोलू लागली, पण मधल्या वेळात मी काय केलं ते मला आठवत नाही. मग त्याच्याकडे जाऊन किल्ली परत मागितली. त्यानं कारण विचारलं नाही. म्हणाला, "वहिनीले जपा जी."

दुपारी नवा दलाल आला. मोबाइलवर व्हिडिओ काढत काढत तुमच्या खुर्चीत बसला. "सर, घर में किसी की डेथ तो नहीं हुई ना? पार्टी सबसे पहले यही पूछती है."

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणूनच लिहितो. मी त्याला 'नाही' म्हणालो. वडील दवाखान्यात वारले, असं सांगितलं. कोणत्या, म्हणून त्यानं सहज विचारलं, तर मी एका दवाखान्याचं नावही सांगितलं.