‘इतर’च्या गठ्ठ्यातलं कार्ड

प्रिय मौनीबाबा,

शाळेत छड्या खाऊनही तू कधी ‘आई गं’ म्हटलं नाहीस, म्हणून हे नाव मीच ठेवलं. पन्नाशीनंतरही ते तुला शोभतं. शिवणयंत्र विकलंस, तेही मला न्हाव्याकडून कळलं.

धान्यवाटपाची यादी झाल्याचं तू ऐकलंच असशील. पोती साठ घरांपुरती, घरं दोनशे. एकेका घराचं कार्ड वाचायचं, समितीने बोलायचं आणि ते ‘गरजू’ किंवा ‘इतर’ गठ्ठ्यात ठेवायचं. अध्यक्ष मी. संस्कृतच्या मास्तरला एरवी कोण विचारतो? खुर्ची मिळाली तसा जरा फुगलोच होतो.

तुझं कार्ड आलं. दूधवाली म्हणाली, “त्यांचं काय, खिडकीला इस्त्रीचे पडदे असतात.” किराणावाला म्हणाला, “कधी कुणापुढे हात पसरला नाही बुवा.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आपली मैत्री जगजाहीर.

मला माहीत होतं रे. आदल्याच आठवड्यात मी भरदुपारी तुझ्याकडे आलो होतो. वहिनी म्हणाल्या, “आमची जेवणं कधीच झाली, भाऊजी,” आणि मोरीत एक खरकटं भांडं नव्हतं. पाणी प्यायला आत गेलो, तर डबे घासूनपुसून रांगेत, आणि कोपर लागलं तो डबा पोकळ वाजला. धाकटी माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत पाव होता. तुला लाज वाटेल म्हणून काढला नाही, अशी मी माझी समजूत घातली.

एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण ‘अध्यक्षांनी मित्राला घुसवलं’ असं कुणी म्हणेल, ही धास्ती. मौनव्रत तुझं, पाळलं मी. कार्ड माझ्याच हाताने ‘इतर’मध्ये ठेवलं. उठताना दूधवाली म्हणाली, “सर, तुम्ही म्हणजे अगदी तराजूचा काटा.” मी हसलोसुद्धा. सुभाषितं शेकड्याने पाठ आहेत. कामाला एकही आलं नाही. तेव्हापासून भाजी आणायला तुझी गल्ली टाळून लांबच्या वळशाने जातो.

सोबत हरकतीचा अर्ज आहे. साक्षीदाराचा रकाना मी भरलाय: मोरी, डबे, धाकटी, आणि मी गप्प का बसलो तेही. तो समितीपुढे मोठ्याने वाचतील. त्या दिवशी खुर्चीत दुसरं कुणी असेल. अर्जदाराची सही मात्र तुझीच लागते, गुरुवारच्या आत. क्षमेचं तू सवडीने बघ, तिला मुदत नाही. सहीला आहे.

तुझाच,
बाकावरचा शेजारी