शुक्रवारची ओटी

३० जून २०२५

पोचले एकदाची! सोलापूरहून निघताना आईने तोंड एवढंसं केलं होतं, मी मात्र खुशीत. कुंभकोणमची खोली झकास आहे. मालकीण गोमतीअक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या. घरात 'सांगट्लें', 'मणजे' असलं जुनं, गोड मराठी. दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ. मी सोलापूरची म्हटल्यावर त्यांनी चक्क हात जोडले. त्यांची कुलदेवी तुळजाभवानी, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी तुळजापूर पाहिलेलं नाही! सून भुवनेश्वरी बाळंतीण आहे. बाळ फारच अशक्त, पण डोळे टपोरे.

जवळच्या नाचियारकोविल गावच्या पितळी समयांचे फोटो आणि माहिती तयार करायची, असं माझं काम. बरंचसं घरूनच होईल. मला फिट येतात हे इथे सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक खोली देत नाहीत, हा अनुभव आहे. आणखी पंधरा दिवस फिटची नोंद कोरी राहिली तर गोळ्या कमी होतील आणि आईचा 'परत ये' हा धोशा थांबेल.

फिट : नाही.

४ जुलै, शुक्रवार

दुपारी जेवून जी आडवी झाले ती संध्याकाळीच उठले. पायांना हळद-कुंकू लावलेलं, ओढणीत तांदूळ. अक्का म्हणाल्या, शुक्रवारी लेकीबाळींची ओटी भरतात. भरा बापडे! झोपलेल्या बाईची ओटी भरणारं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. जीभ जराशी चावली गेली आहे, घाईघाईत जेवल्यामुळे असेल.

फिट : नाही.

१५ जुलै

इथले मेंदूचे डॉक्टर विजयराघव, त्यांनी कोरी नोंद पाहिली, पण चेहरा काही खुलला नाही. म्हणाले, ज्या फिटमध्ये भान जातं ती मोजणार कोण? अर्ध्याहून अधिक फिट पेशंटच्या गावीही नसतात, घरच्यांना विचारा. मला रागच आला. माझं अंग, मला कळणार नाही?

तरी अक्कांना आडून विचारलं, की मी कधी आजारी दिसते का. त्यांनी माझी अलाबला घेतली. म्हणाल्या, तुला कसला आजार, तू तर आमचं भाग्य. तसंच डॉक्टरांना फोनवर कळवलं. गोळी निम्मी झाली! आज पायसम खाल्लं.

फिट : नाही.

१८ जुलै, तमिळ आडी महिन्याचा पहिला शुक्रवार

आज घरात बरीच माणसं होती. विशालाक्षी म्हणून शेजारीण आहे, ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले तर रडायला लागली. दुपार कशी गेली ते आठवत नाही. झोपले असेन.

भुवनेश्वरी बाळ माझ्यापुढे धरते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. बाळाला ताप आहे. डॉक्टरकडे ने म्हटलं तर म्हणाली, तुम्ही सांगितलंय ना. मी काय सांगितलंय?

फिट : नाही. बहुतेक.

२३ जुलै

अक्कांचा मुलगा प्रवीणकुमार, त्याने कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मी देवघरात पाटावर बसलेली. डोळे उघडे. तोंड चघळल्यासारखं हलतंय, बोटं ओढणी चिमटताहेत. समोर अक्का, हात जोडून. आणि मी पुटपुटतेय – दे, दे, दे.

असे खूप व्हिडिओ आहेत. ती मी आहे आणि मला त्यातलं काहीच –

सगळं सांगितलं. हा आजार आहे, मेंदूचा, देवी नाही. अक्का शांतपणे हसल्या. ज्याच्या अंगात येतं त्याला ते सांगायचं नसतं म्हणे, म्हणून गप्प होत्या. तुळजापूरची आई माझ्यातून चालत आली म्हणाल्या. भुवनेश्वरीने विचारलं, 'दे' म्हणजे काय द्यायचं. मी ओरडले, काही नाही! ती बाळाकडे बघत होती.

२४ जुलै

गोळ्या नाहीत. अक्कांनी कावेरीत सोडल्या. गोळ्यांनी आई अडते म्हणे.

दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही. डॉक्टर चेन्नईला गेलेत, फोन लागत नाही. उद्या सकाळची गाडी. बॅग भरली.

२५ जुलै, शुक्रवार

निघाले होते. उंबऱ्यापर्यंत आठवतंय. मग –

देवघरात आहे. दार बाहेरून लावलंय. अंगावर रेशमी साडी, बॅग शेजारी. मांडीवर बाळ. ओटीत घातलंय. बाहेर अक्का म्हणतायत, आईच्या ओटीत घातलं की मागे वळून बघायचं नसतं.

हाका मारल्या. आई बोलतेय म्हणून आरती सुरू केली त्यांनी. भुवनेश्वरी रडतेय, पण दार उघडत नाही.

बाळाला खाली ठेवलं, सतरंजीवर, हाताला लागणार नाही असं. तापलंय नुसतं. रडतंय. रडू दे, रड बाळा.

लिहीत राहते. लिहितेय म्हणजे भान आहे. अक्षर नीट आहे. मी इथे आहे. बाळ रडतंय. मी इथे आहे. दे मी इथे दे दे

आरती संपलीय. बाळ परत माझ्या मांडीवर आहे. पदर त्याच्या तोंडावर. मी नाही – मी तर खाली ठेवलं होतं –

रडत नाहीये. कधी थांबलं ते मला